जाडाक्षराची पाटी

त्याला सगळे जाडाक्षर म्हणत. माणूस मात्र इतका किडकिडीत, की वारा सुटला तर दोरीवरच्या कपड्यांच्या आधी त्याला चिमटा लावावा. हे नाव ठेवले त्याच्या बायकोने, लग्नाला महिना व्हायच्या आत. तो पत्र्यात जशी अक्षरे कापायचा तसाच बोलायचा म्हणे: ठळक, ठोकळेबाज, आणि आवाराच्या पलीकडच्या टोकालाही ऐकू जाईल असा. नाव असे चिकटले, की मालगोदामाचा मुकादमसुद्धा त्याला तशीच हाक मारू लागला. जाडाक्षराला त्यात कधी अपमान वाटला नाही. जगात जाड अक्षराखेरीज दुसरे काही वाचण्याजोगे आहे, हेच मुळी त्याला मान्य नव्हते.

मालगोदामात तो साचे कापायचा. म्हणजे जस्ताच्या पत्र्यात छिन्नीने अक्षर कोरायचे, कानशीने कडा घासायच्या, पत्रा भिंतीला, खोक्याला नाहीतर पिंपाला दाबून धरायचा आणि वरून रंग फवारायचा. पत्रा उचलला की खाली अक्षर तयार. ऐकायला सोपे वाटते, पण त्यात एक मेख आहे. पत्र्यातून 'व' कोरून काढला तर त्याच्या पोटातला तुकडा सुटून खाली पडतो, आणि रंग मारल्यावर 'व'च्या जागी नुसता काळा गोळा उमटतो. तो तुकडा पडू नये म्हणून पत्र्याची एक बारीक पट्टी मध्ये तशीच राखावी लागते. तिला तो सांधा म्हणायचा. सांध्याच्या जागी रंग बसत नाही, म्हणून साच्याचे अक्षर ठिकठिकाणी तुटलेले दिसते. शिरोरेघही सलग कापता येत नाही. कापली तर पत्रा लुळा पडतो आणि रंग आत घुसतो. तेव्हा प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर त्याचे त्याचे वेगळे छप्पर.

अशी तुटकी, दणकट, काळीभोर अक्षरे आवारात जिकडेतिकडे उभी होती. 'नाजूक', 'कोरडे ठेवा', 'ज्वालाग्राही', 'या बाजूने उघडा'. दारांचे आकडे तर पुरुषभर उंचीचे. नवे अक्षर उमटले की जाडाक्षराची एक पद्धत असे. अक्षराकडे पाठ करायची आणि समोरच्या भिंतीच्या दिशेने चालू लागायचे. मध्ये मागे वळून बघायचे नाही, कुणी हाक मारली तरी. खांदे पलीकडच्या भिंतीला टेकले, की मग वळायचे आणि एका नजरेत वाचायचे. इतक्या लांबून सांधे मिटून जातात. तुकडे एकमेकांचा हात धरतात आणि अक्षर अखंड उभे राहते. ते तसे राहिले, की तो तोंडाने नुसता "हं" म्हणायचा. एरवी त्याच्या तोंडून कौतुक निघाल्याचे कुणाला आठवत नाही.

निघायची ती तुच्छता. वर्तमानपत्र तो हातभर लांब धरायचा आणि म्हणायचा, मुंग्या चिरडल्यात. डॉक्टरच्या दारावरची पितळी पाटी बघून त्याने एकदा कंपाउंडरला विचारले होते, की ही पाटी वाचायला आजारी माणसाने आत यायचे की बाहेरच मरायचे. दिव्यांच्या पाट्यांना तो लुकलुकणारे पुरळ म्हणे. बँकेच्या दारावर तिरकी, नाजूक अक्षरे आली तेव्हा शिपायाला सांगून आला, तुमचं नाव घसरतंय, खाली काहीतरी टेकू लावा. नाकाने कांदे सोलणारे पुष्कळ असतात, पण हा कांद्यांची पोतीच्या पोती सोलून ठेवायचा.

एकदा बायकोने हट्ट करून त्याला एका कॉफीच्या दुकानात नेले. आत गेला तर भिंतभर साच्याची अक्षरे! जाड, काळी, बरोबर जागोजागी तुटलेली. तो कॉफी सोडून उठला, भिंतीशी गेला आणि नखाने अक्षराची कड खरवडू लागला. नखाला रंग लागेना, तर चिकटपट्टीसारखे काहीतरी सुटून आले. तेवढ्यात दुकानाचा तरुण मालक धावत आला. जाडाक्षराने त्याला विचारले, "हे सांधे कशाला ठेवलेत?"

"सांधे? अच्छा, ते गॅप होय. लुक आहे काका. इंडस्ट्रियल लुक."

"पत्रा कुठंय?"

"पत्रा नाही, फॉन्ट आहे. कॉम्प्युटरवर मिळतो."

जाडाक्षराने त्याच्याकडे आपादमस्तक पाहिले आणि तडक बाहेर आला. बायको मागून दोन्ही कप संपवून आली. रस्त्यात तो म्हणाला, "दात शाबूत असताना कवळी लावून बसलाय गाढव." पुढे कितीतरी दिवस तो ज्याला त्याला हे सांगत होता. पत्राच नाही तर सांधा कुणाला धरून ठेवतोय? पोटातला तुकडा पडायची भीती नाही आणि निघाले आधार द्यायला!

पण या सगळ्यांपेक्षा त्याच्या डोळ्यांत जास्त सलायचा तो मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. बायकोचे माहेर पिढीजात कुंचलेवाल्यांचे, म्हणजे हाताने पाट्या रंगवणाऱ्यांचे, आणि मेहुणा त्यातला शेवटचा. गोल, आनंदी, सावकाश. एका अक्षराला सावली द्यायला बसला की मध्ये दोनदा चहा घेणार. त्याच्या अक्षरांना वळणे, वेलांट्यांना फुगे आणि उकारांना लांबलचक शेपट्या. जाडाक्षर म्हणायचा, त्याच्या अक्षरांना शेपट्या आणि त्याला स्वतःला पोट, दोन्ही कामधंद्याविना वाढलेली. मेहुण्याचा स्वभाव असा, की तो हे हसत हसत ऐकून घेई आणि वर विचारी, "भाऊजी, शेपटी माकडाला असते, तुमच्या अक्षरांना कुबड्या का?"

एकदा मात्र मेहुण्याने हद्द केली. गोदामाच्या मोठ्या दारावरची अक्षरे पाहून तो भाबडेपणाने म्हणाला, की सांध्यांच्या फटी मी कुंचल्याने भरून देतो, एका दुपारचे काम आहे, अक्षर कसे अखंड दिसेल. जाडाक्षराचा तीळपापड झाला. त्या दिवसापासून मेहुण्याचे नाव दंतवैद्य पडले. घरी तो आला, की जाडाक्षर बायकोला आत ओरडून सांगायचा, "अगं, दंतवैद्य आलेत, तोंड मिटून घे."

तर अशा या माणसाला एक लेक होती. आईसारखी शांत आणि बापासारखी हट्टी, म्हणजे जोडी चांगलीच जमलेली. शहराबाहेरच्या कपड्यांच्या कारखान्यात ती वर्षानुवर्षे डाव्या बाह्या शिवत होती. उजव्या बाह्या शिवणारी दुसरी. पूर्ण सदरा तिने तिथे कधी हातात धरला नाही. शेवटी तिने मन घट्ट केले आणि जुन्या बाजारातल्या एका गल्लीत छोटी जागा घेतली. तान्ह्या मुलांचे कपडे शिवायचे, स्वतः बेतायचे, दोन्ही बाह्यांसकट. कारखान्याचा सुपरवायझर तिचा हात ओळखून होता. तो म्हणाला, नवी ऑर्डर येईपर्यंत तुझी खुर्ची रिकामी ठेवतो. ऑर्डर आली की मी स्वतः विचारायला येईन. तेव्हा काय ते हो की नाही सांग, मग पुन्हा विचारणार नाही. म्हणजे तेवढ्या मुदतीत दुकान उभे राहिले तर राहिले, नाहीतर परत डाव्या बाह्या.

दुकानाला पाटी हवी. लेकीच्या मनात मामा होता, पण बापाचे तोंड आठवून ती आधी कॉम्प्युटरवर पाट्या करून देणाऱ्याकडे गेली. त्याने नमुन्यांचा एक कागद दिला, त्यात एक अगदी साच्यासारखा ठळक, तुटका फॉन्ट होता. वडील खूश होतील या आशेने बिचारीने तो कागद घरी आणला. जाडाक्षराने तो चष्मा न लावता पाहिला, मग चष्मा लावून पाहिला, आणि त्याची घडी करून डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली घातली.

"माझ्या लेकीच्या दारावर कवळी? मी काय मेलोय?" तो म्हणाला. "पाटी मी कापणार."

आई हळूच म्हणाली, की तान्ह्या मुलांचे दुकान आहे, तिथे मामाच्या शेपट्याच शोभतील. त्यावर जाडाक्षर जे बोलला ते इथे न लिहिलेले बरे. लेकीने दोघांकडे पाहिले. बापाची निवृत्ती जवळ आली होती हे तिला ठाऊक होते. जन्मभर त्याने कापलेली अक्षरे खोक्यांवर बसून कुठल्या कुठे निघून गेली होती. घरच्या एका वस्तूवर त्याचे एक अक्षर नव्हते. ती म्हणाली, "बरं बाबा. तुम्हीच करा."

मग काय विचारता. त्याने गोदामातला उत्तम पत्रा निवडला आणि 'बाळाचे कपडे' हे शब्द कापायला घेतले. 'ब'चे पोट, 'ळ'ची दोन पोटे, 'क'चे पोट. सगळे सांधे अंगठ्याने मोजून राखले, अंगठ्याएवढे रुंद, गोदामाच्या रिवाजाप्रमाणे. रंग ठरवायचा प्रश्नच नव्हता. पिवळ्यावर काळे. लांबून सगळ्यांत आधी हीच जोडी डोळ्यांत भरते. लोखंडी फळ्यावर पाटी उमटली. ती त्याने गोदामाच्या भिंतीला टेकवली, पाठ केली, चालत निघाला. मध्ये मुकादमाने हाक मारली, मालाची गाडी आडवी गेली, हा वळला नाही. पलीकडच्या भिंतीला खांदे टेकले तेव्हा वळला. 'बाळाचे कपडे'! असे उभे होते जसे दगडात घडवलेले. गाडीच्या ड्रायव्हरनेसुद्धा स्टिअरिंगवरूनच मोठ्याने वाचून दाखवले.

"हं," जाडाक्षर म्हणाला.

पाटी गल्लीत चढली. गल्ली कशी होती, तर दोन माणसे समोरासमोर आली की एकाने पोट आत ओढायचे. समोर एक घड्याळे दुरुस्त करणारा बसायचा; त्याच्या दुकानात शिंक आली तर लेकीच्या दुकानातल्या सुया हलायच्या. त्या चिंचोळ्या वाटेवर, डोक्याच्या जेमतेम वर, तो लोखंडी पिवळा फळा. चार बोल्ट मारून बसवलेला. जाडाक्षराने बोल्ट पिळले, हात झटकले आणि कामावर निघून गेला.

पहिल्याच दिवशी एक वायरमन पायऱ्या चढून आला आणि त्याने विचारले, मुख्य स्विच कुठे आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी तेलाची पिंपे उभी होती. कुणीतरी गोदाम समजून उतरवून गेले. एक आजोबा नातवाला घेऊन चालले होते, ते फळ्याखाली आल्याबरोबर पोराचा हात ओढून म्हणाले, "लांब हो, लांब हो, शॉक बसेल." एका बाईने तर दुकान सरकारने बंद केलेय असे समजून दारावर चिकटवलेली नोटीस शोधली. नोटीस नव्हती, मग शेजारी जाऊन विचारले की यांनी केले तरी काय. आणि एक अवघडलेली पोर फळ्याच्या बरोबर खाली उभी राहून समोरच्या घड्याळवाल्याला विचारत होती, इकडे कुठे बाळाचे कपडे मिळतात म्हणे, ठाऊक आहे का?

हा शेवटचा प्रकार जाडाक्षराने स्वतः पाहिला. तो जेवणाच्या सुट्टीत दुकानात येऊन बसला होता. उठून दाराशी गेला. म्हणाला, "बाई, डोळे आहेत की बटणं? डोक्यावर लिहिलंय."

पोरीने मान वर करून पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि "हे अक्षर आहे होय?" असे म्हणून हिरमुसून निघून गेली. लेक आतून शिवणयंत्र थांबवून बघत होती.

जाडाक्षराने मात्र सारा राग लोकांवर काढला. लोक आंधळे आहेत. लोकांना शेपट्यांची सवय लागलीय. शाळेत वाचायला कुणी शिकवतच नाही हल्ली, नुसती पोरे बसवून ठेवतात. गल्लीतल्या माणसांना तो गांडुळे म्हणू लागला, बिळात राहतात आणि मान वर करत नाहीत. घड्याळवाला एकदा सांगायला गेला की अहो, इतक्या जवळून फक्त काळे ठोकळे दिसतात, तर त्याला ऐकवले, की दिवसभर डोळ्याला भिंग लावून काटे चिवडणाऱ्याने अक्षराबद्दल बोलू नये. मेहुणा येऊन गेला. त्याने फार नम्रपणे सुचवले, फटी भरून देतो, पिवळा रंग जरा फिका करतो, लेकीसाठी. जाडाक्षराने त्याला चहाही न पाजता वाटेला लावले.

आणि दुकानात गिऱ्हाईक येईना. जी येत ती ओळखीची. झबली शिवून कपाटात रचली जात होती. एक दिवस निरोप आला, कारखान्यात नवी ऑर्डर आलीय. सुपरवायझर सोमवारी येतो म्हणाला आहे.

त्या संध्याकाळी लेक आईशी काहीतरी बोलली. मग मागच्या पडवीत गेली. तिथे जाडाक्षराने घरी आणून टाकलेल्या जुन्या साच्यांचा ढीग होता. दुसऱ्या दिवशी तिने बापाला सांगितले, "बाबा, जेवणाच्या सुट्टीत या. एक दुसरी पाटी लावून पाहिलीय. तुम्ही बघितल्याशिवाय ठरवणार नाही."

तो आला तो तोंडात शिव्या भरूनच. त्याची खात्री होती की हा कॉम्प्युटरवाल्याचा उद्योग. दारावर त्याचा फळा होताच, पण त्यावर दोरीने एक पुठ्ठा टांगला होता, आणि पुठ्ठ्यावर काळ्या रंगात साच्याची अक्षरे. बायको दुकानाच्या पायरीवर बसली होती. घड्याळवाला काम सोडून दाराशी आला होता. जाडाक्षराने सवयीप्रमाणे पुठ्ठ्याकडे पाठ केली. दोन पावले टाकली, आणि खांदे घड्याळवाल्याच्या भिंतीला टेकले. तो वळला.

पाहिले. डोळे बारीक केले. मान डावीकडे केली, उजवीकडे केली. एक उभी पट्टी, एक फुटका वाटोळा तुकडा, मग पुन्हा उभी पट्टी, मध्ये काहीतरी अर्धे.

"काय लिहिलंय बाबा?" लेकीने विचारले.

"काय लिहिणार? कपाळ," जाडाक्षर म्हणाला, आणि मग सुटलाच. म्हणाला, असे कापतात काय अक्षर? ही फट बघ, हिच्यातून बैलगाडी जाईल. हे छप्पर कुणाचे आहे, या अक्षराचे की शेजारच्याचे? पोट एकीकडे, पाठ दुसरीकडे. ज्याने कुणी हे केलेय त्याला पत्रा म्हणजे काय ते ठाऊक नाही, डोळा नाही, लाज नाही. फॉन्टवाल्यांकडून दुसरी अपेक्षाच करू नये. असे अक्षर माझ्या आवारात कुणी काढले असते तर त्याला मी पिंपात बसवून झाकण लावले असते.

तो बोलून दमेपर्यंत लेक थांबली. मग आत गेली आणि एक जुना, एका बाजूने वाकलेला, कडांना ताजा काळा रंग लागलेला पत्रा घेऊन आली. त्यात कोरलेले होते, 'सावकाश'. गोदामाच्या वळणावर लावायला जाडाक्षराने कधीकाळी कापलेला साचा. गाडीखाली वाकला म्हणून त्याने तो घरी आणून टाकला होता. कोपऱ्यात खिळ्याने मारलेला ठोका होता. आपल्या प्रत्येक साच्यावर तो असा ठोका मारायचा, आणि दुसऱ्या कुणाच्या साच्यावर तो असणे शक्य नव्हते.

जाडाक्षराने पत्रा हातात घेतला. ठोक्यावर अंगठा फिरवला. अंगठा सांध्यात ठेवून पाहिला, तंतोतंत बसला. घड्याळवाला फार सभ्य माणूस, तो आत जाऊन एक बंद पडलेले घड्याळ कानाला लावून उभा राहिला. बायको मात्र पायरीवरून हलली नाही. ती म्हणाली, "पिंप आणू का हो?"

मग जाडाक्षर म्हणाला, "गल्ली अरुंद आहे."

"हो ना बाबा," लेक म्हणाली. "आता मी गल्ली रुंद करू का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. डोळ्यांखाली मात्र जागरणाची काळी रेघ होती, आणि मागे कपाटात झबल्यांची चळत छतापर्यंत गेली होती. जाडाक्षराने ती चळत पाहिली. इतके दिवस तो गिऱ्हाइकांच्या मूर्खपणाकडेच बघत बसला होता, कपाटाकडे त्याचे लक्षच गेले नव्हते. मग त्याने पाना मागितला.

चारही बोल्ट त्यानेच काढले. कुणाला हात लावू दिला नाही. फळा उतरवून भिंतीला उलटा टेकवला आणि बायकोला म्हणाला, "सांग तुझ्या दंतवैद्याला. पण याच्या फटी भरायच्या नाहीत. याला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे. नवी फळी घ्यायची आणि काय शेपट्या काढायच्या त्या काढायच्या."

शनिवारी मेहुणा आला. रंगांचे डबे, कुंचले, चहाचा थर्मास, सगळा सरंजाम. गल्लीत शिडी लावायची म्हणजे कुणीतरी ती खाली धरायलाच हवी, नाहीतर येणाऱ्याजाणाऱ्याचा धक्का लागून मेहुणा थेट घड्याळांत. जाडाक्षराने शिडी धरली. दिवसभर धरली. आणि दिवसभर त्याचे तोंड चालू होते. ही सावली कुठल्या उन्हाची? उकार आहे की पन्हाळ? भाऊजी, जरा डावीकडे सरकवा, असे वरून ऐकू आले की तो शिडी सरकवायचा आणि म्हणायचा, सरकवतो, सरकवतो, तुमच्या शेपटीला जागा नको का. मेहुणा वरून हसायचा, त्याच्या हसण्याने शिडी हलायची, आणि जाडाक्षर ती आणखी घट्ट धरायचा. तांबूस फळीवर पांढरी, गुबगुबीत अक्षरे उमटत होती. 'बाळाचे' लिहून झाले आणि 'कपडे'तला 'क' नुकता धरला होता, एवढ्यात एक बाई तान्हे मूल खांद्यावर टाकून आली, वर बघितले आणि शिडीखालून वाकून आत गेली. मागून तिची जाऊ गेली. मग आणखी एक. लेकीने कपाटाची दारे उघडल्याचा आवाज आला.

"पुरतं वाचतसुद्धा नाहीत," जाडाक्षर पुटपुटला. "निम्म्यावरच आत घुसतात. काय म्हणावं या माणसांना!"

सोमवारी सकाळी दुकानात चार बायका होत्या. एकीला मापे द्यायची होती, दुसरीला टोपी बदलून हवी होती. जाडाक्षराने रजा काढली होती. कशाला, ते त्याने कुणाला सांगितले नाही. दाराशी स्टूल टाकून बसला होता आणि आत जाणाऱ्यांच्या चपलांवर शेरे मारत होता. तेवढ्यात कडक इस्त्रीचा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा अडकवलेला एक माणूस गल्लीतून आला, थांबला, वर बघून आत डोकावला. तो सुपरवायझर. लेक दोऱ्याचे टोक दातांत धरून बाहेर आली. त्याने विचारले. तिने दोरा काढला आणि म्हणाली, "नाही साहेब. खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्या."

त्याला बहुधा आतली गर्दी बघूनच कळले होते. त्याने मान हलवली, जरा घुटमळला, आणि मग पुन्हा वर पाहिले.

"मला वाटलं, या गल्लीत दुकान शोधायला अर्धा दिवस जाईल," तो म्हणाला. "पण वळलो आणि समोरच दिसलं. पाटी फार सुरेख आहे. कुणी केली?"

लेक काही बोलणार, एवढ्यात तिने बापाकडे पाहिले. समोर घड्याळवाल्याचे हातही थांबले. जाडाक्षर स्टुलावरून उठला, पाटीकडे न बघता दोन्ही हात पाठीमागे घेतले, आणि आवाराच्या पलीकडच्या टोकालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "माझ्या मेहुण्याने."

सुपरवायझर छान, छान म्हणत निघाला. तो चार पावले जातो न जातो तोच जाडाक्षराने त्याला मागून हाक मारली.

"शेपट्या जरा जास्त झाल्यात," तो म्हणाला.